कोलंबसला यावं का? मोठं शहर सोडून इंडियानात येण्याआधी

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाच्या तरी भावाच्या मित्राचा फोन येतो. "ताई, कोलंबसची ऑफर आलीय. यावं का?" माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं कोलंबस? ओहायोतलं कोलंबस ही त्या राज्याची राजधानी, चांगलं मोठं शहर. मी राहते ते इंडियानातलं, पन्नास हजार वस्तीचं, तिथून गाडीने तीन तासांहून लांब. माझ्या सासूबाईंचं पहिलं तिकीट एजंटाने ओहायोच्या कोलंबसचं काढलं होतं. निघायच्या आठ दिवस आधी नवऱ्याने तिकीट नीट वाचलं म्हणून निभावलं, नाहीतर त्या तिकडे उतरल्या असत्या आणि आम्ही इंडियानापोलिसच्या विमानतळावर फुलं घेऊन उभे.

आम्ही २०१८ साली जर्सी सिटीहून इथे आलो. त्याआधी सहा वर्षं जर्नल स्क्वेअरजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट, खाली उतरलं की कोपऱ्यावर कढीपत्ता, पाथ ट्रेनमध्ये बसलं की थोड्या वेळात मॅनहॅटन. इथे पहिला आठवडाभर मला रात्री झोप लागेना, कारण आवाजच नव्हता. ज्यांच्या हातात ऑफर आहे, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय आणि घरात दोघांची दोन मतं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मराठी माणूस या गावात का येतो ते एका वाक्यात सांगता येतं. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी १९१९ साली इथेच सुरू झाली आणि तिचं मुख्यालय अजून इथेच आहे. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या जोडीने तिने पुण्यात कारखाना काढला. कोथरूडच्या कित्येक घरांत "कमिन्सला आहे" एवढं सांगितलं की पुढे काही विचारायची गरज पडत नसे. कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच नावाचं. त्यामुळे मक्याच्या शेतांमधल्या या गावात सुपरमार्केटच्या रांगेत मागून अस्सल पुणेरी मराठी कानावर पडलं तर दचकू नका. बाकी कंपनी कुठलीही असो, गाव आयोवातलं असो की विस्कॉन्सिनमधलं, खालच्या पायऱ्या थोड्याफार फरकाने लागू पडतील.

पायरी १: दुसऱ्या माणसाचा मंगळवार

ऑफर आली की सगळे एक्सेल उघडतात. पगार, भाडं, घराची किंमत, शाळेचं रेटिंग. हे सगळं बरोबरच आहे. पण ज्याला ऑफर आली त्याचा दिवस ठरलेला असतो. ज्याला आली नाही त्याच्या दिवसाचा रकाना कुणीच भरत नाही. जानेवारीतला मंगळवार, सकाळचे अकरा, नवरा ऑफिसात, मूल शाळेत, गाडी एकच आणि ती नवऱ्याने नेलेली, बाहेर गोठलेला पाऊस. त्या माणसाने काय करायचं? याचं उत्तर नसेल तर बाकीचं एक्सेल फुकट.

आमचंच उदाहरण देते. जर्सी सिटीत भाडं ३,२०० डॉलर होतं, इथे तीन बेडरूमचं घर १,७०० ला मिळालं. महिन्याला १,५०० वाचले. दुसरी गाडी घ्यावीच लागली: हप्ता, विमा, पेट्रोल धरून ७००. अख्ख्या घराची वीज, गॅस, हिरवळ कापणं यांचे वरचे २००. म्हणजे हातात राहिले ६००. हे आम्ही आधी मांडलं होतं आणि खूश होतो. मांडलं नव्हतं ते हे, की माझी नोकरी सुटली. माझे महिन्याचे ४,६०० हातात येत होते. तीनेक महिन्यांत काहीतरी मिळेल असं मी धरून चालले होते. मिळायला चौदा महिने लागले. महिन्याला चार हजारांची खोट, चौदा महिने: छप्पन्न हजार डॉलर. स्वस्त गावात येऊन.

म्हणून ऑफरला हो म्हणण्याआधी दुसऱ्या माणसाने चार आठवडे खरोखरचे अर्ज करावेत. नुसती शोधाशोध करून "आहेत बऱ्याच नोकऱ्या" असं म्हणू नये. अर्ज पाठवायचे आणि किती फोन येतात ते मोजायचं. इथली नोकऱ्यांची जात ठरलेली आहे: इंजिनं, गाड्यांचे सुटे भाग, फोर्कलिफ्ट (टोयोटाचा त्याचा कारखाना इथे आहे), रुग्णालय, शाळा. मेकॅनिकल, सप्लाय चेन, अकाउंट्स, नर्सिंग यांना जागा असते. बँकिंग, जाहिरात, प्रकाशन, वकिली यातलं काही असेल तर इंडियानापोलिसकडे बघावं लागतं. ते आय-६५ या महामार्गाने उत्तरेला पंचेचाळीसेक मैल. नकाशा पन्नास मिनिटं दाखवतो. ट्रकची रांग आणि कुठेतरी कायम चालू असलेलं रस्त्याचं काम धरलं तर तास-सव्वा तास.

सध्याचीच नोकरी घरून चालू ठेवणार असाल तर साहेबांचं तोंडी "चालेल की" पुरेसं नाही. तुम्ही ज्या राज्यात बसून काम करता तिथे तुमच्या कंपनीला पगाराच्या कराची नोंदणी करावी लागते आणि काही कंपन्या एका माणसासाठी ते करत नाहीत. एचआरकडून लेखी घ्या.

एक मधला रस्ताही आहे. एकाची नोकरी कोलंबसला आणि दुसऱ्याची इंडियानापोलिसला असेल तर मध्ये फ्रँकलिन किंवा ग्रीनवूडला राहायचं. ग्रीनवूडला पंजाबी वस्ती मोठी आहे, गुरुद्वारा आहे, त्यामुळे मसाल्यांची आणि पिठाची ददात नाही. आमच्या ओळखीची निम्मी जोडपी असंच राहतात. मला ते दोघांनाही अर्धवट वाटतं, पण रोज एकानेच शंभर मैल गाडी हाकण्यापेक्षा बरं.

पायरी २: व्हिसाची गाठ

सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाले असाल तर हा भाग सोडून द्या. बाकीच्यांनी दोनदा वाचा.

एच-१बी, म्हणजे कंपनीने काढून दिलेला कामाचा व्हिसा, हा जागेला बांधलेला असतो. कंपनी तीच राहिली तरी कामाची जागा दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली की सुधारित अर्ज भरावा लागतो. २०१५ च्या सिमीओ सोल्यूशन्स या कंपनीच्या प्रकरणातल्या इमिग्रेशनच्या निकालापासून यात शंका उरलेली नाही. "आधी जाऊ, मग कागद करू" हे चालत नाही, कागद आधी. कंपनीही बदलत असेल तर ग्रीनकार्डची पर्मपासूनची (या जागेला अमेरिकन माणूस मिळत नाही हे कंपनीने कामगार खात्याला दाखवायची पहिली पायरी) प्रक्रिया साधारणपणे नव्याने सुरू होते. दिलासा एवढाच की आय-१४० (पर्मनंतर कंपनीने तुमच्यासाठी भरायचा अर्ज) मंजूर झालेला असेल तर ग्रीनकार्डच्या रांगेतली तुमची तारीख बहुतेक वेळा तुमच्याबरोबर येते. बायको किंवा नवरा एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असेल तर काम करायचा परवाना मंजूर आय-१४० च्या जोरावर मिळतो, म्हणून नव्या कंपनीला पहिल्याच बोलण्यात विचारा: पर्म कधी सुरू करणार? "एक वर्षाने बघू" असं उत्तर आलं तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. वकील कंपनीचा असतो हे विसरू नका. दोन-तीनशे डॉलर खर्चून तासभर आपल्या वकिलाशी बोलणं वायफळ नाही.

खरी अडचण त्याही पुढची आहे. नोकरी गेली तर एच-१बीवाल्याला साठ दिवस मिळतात. जर्सीत असताना साठ दिवसांत ट्रेनच्या अंतरावर शंभर दारं ठोठावता येतात. इथे तुमच्या कामाची दारं दोन-तीन. शिवाय ट्रकचा धंदा वर-खाली होणारा आहे. मागणी पडली की एका कारखान्यात माणसं कमी होतात, तेव्हा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांकडेही होतातच. म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही नोकरी शोधाल त्याच महिन्यात तुमचे दहा शेजारीही शोधत असतील, आणि घरं विकायलाही तेव्हाच निघतील. यावर उपाय एकच: सहा महिन्यांचा खर्च बँकेत आणि घर लगेच विकत न घेणं.

पायरी ३: ऑफर लेटरमधलं बारीक अक्षर

करांच्या बाबतीत इंडियाना खरोखर सोपं आहे. राज्याचा आयकर सगळ्यांना एकाच दराने, २०२६ साली २.९५ टक्के. त्यावर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, वेगळा कर असतो. तो तुम्ही १ जानेवारीला ज्या काउंटीत राहत होता तिचा वर्षभर लागतो. हे बऱ्याच जणांना पहिलं रिटर्न भरताना कळतं. विक्रीकर ७ टक्के. स्वतः राहत्या घराच्या मालमत्ता कराला घराच्या ठरवलेल्या किमतीच्या १ टक्क्याची मर्यादा आहे आणि ती २०१० पासून राज्याच्या घटनेतच घातलेली आहे. न्यू जर्सीचा मालमत्ता कर भरलेल्या माणसाला हे वाचून गहिवरून येतं. मात्र ही सवलत आपोआप मिळेल असं धरून बसू नका. होमस्टेडचा (घरात स्वतः राहतो असं सांगणारा) अर्ज लागला आहे ना ते काउंटी ऑडिटरच्या ऑफिसात तपासा. नसेल तर मर्यादा दुप्पट, म्हणजे २ टक्के धरतात.

सामान हलवायचे पैसे कंपनी देते तेव्हा दोन गोष्टी विचारा. २०१८ पासून हे पैसे तुमच्या पगारात धरून त्यावर कर लागतो. दहा हजार म्हणाले तरी हातात दहा येणार नाहीत. तो कर कंपनी भरणार का? आणि वर्ष-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर किती परत करायचे? तुम्ही सोडली तर की त्यांनी काढलं तरीही? आमच्या ऑफर लेटरमध्ये ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात होती आणि आम्ही ती वाचलीच नव्हती.

भारताचं तिकीट महाग पडतं हेही हिशोबात धरा. इंडियानापोलिसहून एक विमान बदलून जायचं, नाहीतर चार तास गाडी चालवून शिकागोला. शिकागोचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास मागे असतं हे जाताना सोयीचं, येताना झोपमोड.

पायरी ४: फेब्रुवारीत या

कंपनी तुम्हाला बघायला बोलावते ती बहुधा ऑक्टोबरात. ऑक्टोबरात इथे कुणीही हो म्हणेल. राज्य रस्ता ४६ ने पश्चिमेला निघा, अर्ध्या तासात ब्राउन काउंटी, डोंगरभर लाल-पिवळी झाडी, सफरचंदाचा गरम रस. आम्हीही त्यालाच भुललो.

शक्य असेल तर स्वतःच्या खर्चाने फेब्रुवारीत पाच दिवस या आणि त्यात शनिवार-रविवार धरू नका. शिकागोच्या मानाने बर्फ कमी पडतो. थंडी उणे सहा-सातच्या आसपास, अधूनमधून उणे पंधराच्या खाली. त्रास होतो तो करड्या आकाशाचा आणि गोठत्या पावसाचा. रस्ता कोरडा दिसतो आणि गाडी घसरते. या पाच दिवसांत पर्यटन करू नका, रोजची कामं करा: संध्याकाळी सहाला दूध आणायला जा, एकदा रात्री दहाला इंडियानापोलिसच्या विमानतळापर्यंत जाऊन परत या (आई-बाबांना आणायला हेच करायचं आहे), मुलासाठी बालरोगतज्ज्ञाची पहिली भेट कधीची मिळते ते फोन करून विचारा. रोजच्या आजारांना गावातलं रुग्णालय चांगलं आहे. मोठ्या तज्ज्ञाकडे, विशेषतः मुलांच्या, इंडियानापोलिसला जावं लागतं. गर्भारपणाचा विचार असेल तर २०२३ पासून या राज्यात गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, हे डॉक्टर निवडण्याआधी दोघांनी नीट समजून घ्या. हे सहसा कुणी फोनवर सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

आणि गाडीशिवाय राहून बघा, निदान एक दिवस. शहराची बस आहे. तिचं नावही गमतीचं आहे, इंग्रजीत कोलंबसमधलं शेवटचं 'बस' मोठ्या अक्षरांत लिहितात. पण तिच्या भरवशावर नोकरी आणि पाळणाघर दोन्ही साधत नाही. दोन माणसं तर दोन गाड्या, हा इथला नियमच.

पायरी ५: आधी भाड्याने, मग विकत

जर्सीच्या सवयीने इथल्या घरांच्या किमती बघितल्या की माणूस चेकबुक काढतो. वर्षभर थांबा. लीज बारा महिन्यांची करा आणि बदली झाली किंवा नोकरी गेली तर किती दंड भरून सोडता येईल ते कलम वाचा. वर्षभरात कुठल्या रस्त्यावर पाणी साचतं, कुठल्या वळणावर मालगाडी फाटक अडवते, हे आपोआप कळतं.

पाण्याचं गांभीर्याने घ्या. ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या याच गावात मिळतात आणि पूर्वेच्या अंगाने हॉ क्रीक नावाचा ओढा जातो, एरवी अगदी निरुपद्रवी दिसणारा. ७ जून २००८ ला त्याला असा पूर आला की रुग्णालयात पाणी शिरलं, रुग्णांना रातोरात हलवावं लागलं आणि पुढे काही महिने ते बंद होतं. घर आवडलं की आधी फेमाच्या (केंद्र सरकारचं आपत्ती खातं) पूरनकाशावर पत्ता टाकून बघा. पूरक्षेत्रात असेल तर कर्ज देणारी बँक पुराचा वेगळा विमा मागते आणि तो दरवर्षी भरायचा असतो.

फ्लॅटमध्ये राहिलेल्या माणसाला या घरांच्या काही गोष्टी माहीतच नसतात. तळघर असेल तर त्याच्या कोपऱ्यात एक खड्डा आणि त्यात पंप असतो, जमिनीतलं पाणी बाहेर फेकणारा. वादळात वीज जाते आणि नेमका तेव्हाच तो बंद पडतो, म्हणून त्याला बॅटरी आहे का ते विचारा. रेडॉन हा वास नसलेला, जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू या भागात बऱ्याच घरांत सापडतो. विकत घेण्याआधीच्या तपासणीत त्याची चाचणी वेगळी पैसे देऊन करून घ्या. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (रेडॉन मोजायचं एकक) वर आला तर तो बाहेर काढणारा पाइप आणि पंखा बसवून द्यायला विकणाऱ्याला सांगता येतं. घर गरम करणारी भट्टी किती वर्षांची, छप्पर किती वर्षांचं, आणि गावाबाहेर असेल तर पाणी विहिरीचं का, सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं का, हेही विचाराच. तळघर नसलेलं घर घेत असाल तर टोर्नेडोच्या वेळी कुठे बसायचं ते आधी ठरवा: सगळ्यांत खालचा मजला, खिडकी नसलेली आतली खोली, बहुधा कपड्यांचं कपाट किंवा न्हाणीघर. इशारे दोन येतात. 'वॉच' म्हणजे तसं हवामान आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे पोळी तव्यावर असली तरी गॅस बंद करून खाली जा. महिन्यातून एकदा भोंग्याची चाचणी होते. पहिल्यांदा ऐकल्यावर मी लेकाला घेऊन कपाटात वीस मिनिटं बसले होते. बाहेर लख्ख ऊन.

पायरी ६: माणसं, शाळा, कढीपत्ता

इथे लोक ओळख नसताना हात करतात. पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजोबांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या चर्चला जाता?" मला राग आला होता. नंतर लक्षात आलं, हा प्रश्न म्हणजे आपला "मूळ गाव कोणतं?" ओळखीचा धागा शोधण्यासाठी विचारलेला. "आम्ही हिंदू, इंडियानापोलिसच्या देवळात जातो" एवढं सांगितलं की ते खूश होतात आणि पुढच्या रविवारी टोमॅटो आणून देतात. सगळे असेच असतात असं मात्र म्हणणार नाही. कंपन्यांमुळे गावात बाहेरदेशचे लोक बरेच आहेत. वीस मिनिटं बाहेर गेलात की माणसं वळून बघतात. आजवर दोनदा चालत्या ट्रकमधून आमच्यावर काहीबाही ओरडलंही गेलं. ते तुम्हाला किती सोसेल हे तुम्हीच ठरवायचं.

शाळा चांगल्या आहेत आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात. त्यामुळे भारताची फेरी जून-जुलैत, ऐन पावसाळ्यात, आणि गणपतीला पुण्यात असणं विसरा. ऑक्टोबरात शरदाची सुट्टी असते, ती कधी दसऱ्याला गाठते, कधी दिवाळीच्या तोंडाशी येऊन थांबते. मराठी मंडळ इंडियानापोलिसला आहे. नाटकांचे मोठे दौरे बघायचे तर शिकागो. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं. अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ साली शिकागोतच सुरू झालं. दोनशे सव्वीस-सत्तावीस मैल जाऊन नाटक बघणं वेडेपणा वाटेल. दुसऱ्या हिवाळ्यात वाटणार नाही.

किराण्यासाठी महिन्यातून एकदा इंडियानापोलिसच्या पश्चिमेला लफायेट रोडच्या बाजूला एक फेरी. देशोदेशीची दुकानं तिथे एकमेकांना चिकटून आहेत. गॅरेजमध्ये उभा नाही, आडवा फ्रीझर घ्या; त्यात खोवलेला नारळ, मटार, पोळ्या सगळं मावतं. एक सांगायचं राहिलं: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती दिसणारा तो मका भाजून खायचा नव्हे. तो जनावरांच्या खाण्याचा आणि इथेनॉलचा. गोड मका जुलै-ऑगस्टमध्ये शेतकरी बाजारात मिळतो. आमच्या एका मित्राने शेतातून चार कणसं तोडून आणली होती, दोन तास उकडली तरी दात लागेना, आणि वर ती चोरीच.

आई-बाबा येणार असतील तर ते दिवसभर कुठे जातील हा प्रश्न दुसऱ्या माणसाच्या मंगळवाराइतकाच मोठा. या बाबतीत आमचं गाव नशीबवान निघालं. कमिन्सच्या प्रतिष्ठानाने १९५०च्या दशकाच्या शेवटापासून इथल्या सार्वजनिक इमारतींच्या वास्तुशिल्पींची फी भरायला सुरुवात केली, त्यामुळे शाळा आणि अग्निशमन केंद्रंसुद्धा नामवंतांनी बांधलेली आहेत. वाचनालय आय. एम. पेई यांचं, १९६९ चं. त्याच्यासमोर हेन्री मूर यांची काशाची कमान आणि रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेन यांचं १९४२ चं चर्च. माझे बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. जर्सी सिटीत ते खिडकीत बसून कंटाळायचे. इथे रोज सकाळी पायी वाचनालयात जायचे आणि परत येऊन विटांच्या सांध्यांबद्दल बोलायचे. मिल रेस पार्कात नदीकाठी चालायची पायवाटही आहे. तुमच्या गावात असं काही आहे का, ते फेब्रुवारीच्या फेरीत शोधा. आई-बाबांना गाडी येत नाही, त्यामुळे घरापासून पायी जाता येईल असंच काही बघा.

पायरी ७: आल्यावरचे पहिले साठ दिवस

नवा पत्ता दहा दिवसांच्या आत एआर-११ या फॉर्मने इमिग्रेशनला कळवा. हे फुकट आहे, ऑनलाइन होतं आणि घाईत राहून जातं. ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीची नोंदणी साठ दिवसांत इंडियानाची करून घ्यायची. बीएमव्हीच्या (इथलं आरटीओ) ऑफिसात पत्त्याचे दोन पुरावे लागतात, म्हणून विजेचं बिल पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर करा, आणि दोघांच्याही. एकट्या नवऱ्याच्या नावावर सगळं केलं तर बायकोचं लायसन्स अडतं.

काउंटीची रस्त्यांची सूचना फोनवर चालू करा. हिवाळ्यात ती तीन रंगांत येते: पिवळा म्हणजे जपून, नारिंगी म्हणजे अगदी गरजेचं असेल तरच, लाल म्हणजे आपत्कालीन सेवा सोडून कुणीही रस्त्यावर यायचं नाही. ऑफिसातला साहेब काहीही म्हणो, लालला गाडी काढू नये. डिकीत घोंगडी, छोटं फावडं, बॅटरीच्या तारा आणि सुका खाऊ ठेवा. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात. एक गेलं की मागून दुसरं येतंच. पहिलं दिसलं की वेग कमी करा, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. रविवारी पाहुणे येणार असतील तर बिअर आधीच आणून ठेवा. २०१८ पर्यंत दुकानातून रविवारी दारू मिळतच नसे, आता मिळते ती दुपारी बारा ते रात्री आठ.

समोरची हिरवळ वाढू दिलीत तर आधी शेजारी बोलतात, मग नगरपालिकेची चिठ्ठी येते. आणि कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात घरात घ्या, दक्षिणेच्या खिडकीशी. पहिलं दहिवर महिन्याच्या मध्यावर पडतं. माझी पहिली दोन रोपं "अजून ऊन आहे की" म्हणत म्हणत एका रात्रीत काळी पडली. आताचं तिसरं सात वर्षांचं आहे.